रुमाल, रांग आणि रिकामे टेबल

सदर : प्रयोगशाळेबाहेर



दिवाळीचा फराळ संपला, डबे घासूनपुसून ज्यांचे त्यांना परत गेले (एक स्टीलचा उभा डबा अजून आमच्याकडे आहे, झाकणावर नाव नाही, ओळख पटवून घेऊन जावा), आणि आता घरोघरी ख्रिसमसच्या सुट्टीचे बेत सुरू झाले आहेत. आपल्या मंडळातले निम्मे बेत शेवटी एकाच गावी पोचतात, ते म्हणजे ऑर्लँडो. भारतातून आई-वडील आले की पहिल्या आठवड्यात शेजारी विचारतात, "डिस्ने दाखवलंत का?" नाही म्हणायची सोय नसते.

तिकिटे केव्हा काढावीत, बूट कुठले घालावेत, पोरांच्या खिशात पत्ता लिहिलेली चिठ्ठी का ठेवावी, हे सगळे सांगणारे अनुभवी लोक मंडळात पुष्कळ आहेत. आज आम्हांला लिहायचे आहे ते जेवणाबद्दल. काय खावे याबद्दल नव्हे. कुठे बसावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केव्हा बसावे याबद्दल. कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत हिशेबाचा विषय दहा मिनिटांत संपला आणि या विषयावर पाऊण तास गेला. चहा दोनदा झाला. तेव्हा विषय छापण्याजोगा आहे, असे संपादकांचे मत पडले.

आधी प्रश्न समजून घेऊ. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. आज तिथे चार मोठी उद्याने आहेत आणि जेवायच्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. एका प्रकारात वेटर येतो, टेबल आधी राखून ठेवता येते (६० दिवस आधीपासून), आणि बिल पाहून आपण मनातल्या मनात डॉलरला रुपयाने गुणतो. दुसरा प्रकार काउंटरचा. रांगेत उभे राहा, पैसे भरा, ट्रे उचला आणि बसायला जागा शोधा. भांडण आहे ते या दुसऱ्या प्रकारात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी साडेबाराला अशा ठिकाणी आत शिरावे, म्हणजे शिवाजी मंदिरला नाटकाचे मध्यंतर झाल्यावर बटाटेवड्याच्या काउंटरपाशी जे दिसते, तेच दिसते. फक्त इथे माणसांच्या डोक्यावर उंदराचे कान असतात.

अशा वेळी कुटुंबातल्या एकाने रांगेत उभे राहावे आणि बाकीच्यांनी जाऊन टेबल धरावे का? की जेवण हातात आल्यावरच सगळ्यांनी मिळून जागा शोधावी? बैठकीत सरळ दोन तट पडले.

धरणाऱ्यांचे म्हणणे असे. पोरे सकाळी सातपासून चालून दमलेली असतात. गरम सूप आणि पाच पेये असलेला ट्रे हातात घेऊन, बाबागाडी ढकलत, गर्दीतून फिरणे धोक्याचे आहे. आणि सगळेच धरतात, मग आपणच काय पाप केले आहे? न धरणाऱ्यांचे म्हणणे असे. टेबल हे जेवणाऱ्यासाठी असते, आणि रांगेत उभा असलेला माणूस अजून जेवणारा झालेला नाही. ज्याच्या हातात ताट आहे तो उभा आणि ज्याच्यापुढे काहीच नाही तो बसलेला, हा उलटा न्याय झाला.

दोन्ही बाजू आम्हांला पटल्या. पण आम्ही पडलो केमिस्ट. दोन मते समोर आली की हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो. तेव्हा थोडा हिशेब मांडू. आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, कुठल्या विशिष्ट जागेचे नाहीत.

समजा एका ठिकाणी १०० टेबले आहेत. एका कुटुंबाला जेवायला २४ मिनिटे लागतात. स्वयंपाकघरातून तासाला २०० कुटुंबांचे जेवण बाहेर पडते, आणि रांगेत साधारण १६ मिनिटे जातात. जो तो जेवण हातात आल्यावरच बसला, तर एका वेळी किती टेबले भरलेली असतील? २०० गुणिले २४ भागिले ६०, म्हणजे ८०. वीस टेबले केव्हाही रिकामी. ट्रे घेऊन वळलात की समोर जागा आहे, धरण्याची गरजच नाही.

आता प्रत्येक कुटुंबाने रांगेच्या १६ मिनिटांसाठी आधीच टेबल धरले असे समजा. म्हणजे एकेक टेबल अडकले ४० मिनिटे. २०० गुणिले ४० भागिले ६०, म्हणजे १३३ टेबले लागतील. आहेत १००. ना जेवणारे वाढले, ना टेबले कमी झाली, ना कुणी जास्त खाल्ले, आणि तरी ३३ टेबलांचा तुटवडा पडला. या साध्या गुणाकाराला लिटलचा नियम म्हणतात. पुढे एमआयटीचे प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची रीतसर सिद्धता प्रसिद्ध केली. बँकेतल्या रांगेपासून दवाखान्यातल्या खाटांपर्यंत सगळीकडे हा नियम लागू पडतो.

गंमत पुढे आहे. दहांतल्या तीनच कुटुंबांनी टेबल धरले तर? तेव्हा ९६ टेबले लागतात. जेमतेम का होईना, चालून जाते. दहांतल्या चारांनी धरले की लागतात १०१, आणि गाडे अडते. एकदा अडले, की ट्रे घेऊन फिरणारी माणसे दिसू लागतात. ती पाहून आत येणारा प्रत्येक जण घाबरतो आणि आधी टेबल धरायला माणूस पाठवतो. मग सातही धरतात आणि दहाही धरतात. म्हणून धरणारे म्हणतात "जागा मिळत नाही म्हणून धरतो," आणि न धरणारे म्हणतात "धरता म्हणून मिळत नाही." हिशेबाने पाहता दोघेही खरे बोलत असतात. ऑक्टोबरमधल्या एखाद्या मंगळवारी टेबल धरले म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. तीच गोष्ट २७ डिसेंबरला केली की बिघडते. वागणे तेच, गर्दी वेगळी.

आमच्या शास्त्रात याला जवळचे एक उदाहरण आहे. मोटारीच्या धुराड्याच्या नळीत प्लॅटिनमसारख्या धातूचा उत्प्रेरक बसवलेला असतो. विषारी वायूंचे रेणू त्या पृष्ठभागावर येतात, काही क्षण टेकतात, त्यांचे रूपांतर होते आणि ते जागा सोडून जातात. टेकण्याच्या जागा मोजक्याच असतात. काम चालते ते जागा सतत मोकळ्या होत राहतात म्हणून. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत असत. ते शिसे या जागांवर जाऊन बसे, स्वतः काही करत नसे आणि दुसऱ्याला काही करू देत नसे. म्हणून अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून उत्प्रेरक बसवलेल्या गाड्यांना शिसेविरहित पेट्रोल लागू लागले. सहा खुर्च्यांच्या टेबलावर नुसती ठेवलेली पर्स पाहिली की आम्हांला त्या शिशाची आठवण होते. पर्सच्या मालकिणीला हे आम्ही अर्थातच सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, ही आपली देशी सवय आहे, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांची. तसे काही नाही. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये टिश्यूपेपरचे पाकीट टेबलावर ठेवून जागा धरतात, त्याला तिथे 'चोप' करणे असा खास शब्दच आहे. इथली गोरी मंडळीही आरामखुर्चीवर टॉवेल टाकून पोहण्याच्या तलावाकाठची जागा सकाळी सातला धरतात. जागा धरणे हा मनुष्यस्वभाव आहे. पण एस.टी.च्या रुमालाचे एक शास्त्र होते, ते विसरू नये. रुमालाचा मालक दाराशीच धक्के खात असे आणि दोन मिनिटांत जागेवर येऊन बसत असे. शिवाय एक रुमाल म्हणजे एक जागा. एका रुमालावर सहा जागा मागणाऱ्याला कंडक्टरच्या आधी प्रवाशांनीच उठवले असते.

आणि आपल्याकडे याहून चांगली रीत आहे, ती म्हणजे पंगत. पंगतीत कुणी पान धरून ठेवत नाही. यजमान हाताला धरून बसवतो, मुले आणि म्हातारी माणसे आधी, आणि बसल्यावर लगेच वाढायला सुरुवात होते. (कार्यालयात आपला ताकभात चालू असताना खुर्चीमागे येऊन उभे राहणारे पाहुणे हा वेगळा विषय आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.) युनिव्हर्सलच्या उद्यानात हॅरी पॉटरच्या गल्लीत 'लीकी कॉल्ड्रन' नावाची खाणावळ २०१४ साली निघाली. तिथे अशीच पद्धत आहे. आधी काउंटरवर जेवण सांगायचे, मग माणूस नेऊन टेबलावर बसवतो आणि जेवण तिथे आणून देतो. धरण्याचा प्रश्नच उरत नाही. डिस्नेतही २०२० च्या जुलैमध्ये उद्याने पुन्हा उघडली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी जेवण तयार झाल्याचा निरोप फोनवर आल्यावरच आत सोडत असत. म्हणजे यजमानाने मनावर घेतले तर गोंधळ मिटतो. जिथे यजमान लक्ष घालत नाही, तिथे पाहुण्यांनाच थोडे लक्ष घालावे लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो.

आपल्या घरांत टेबल धरायचे काम बहुधा कुणाकडे येते? आजी-आजोबांकडे. हेतू चांगलाच असतो. आईचे गुडघे दुखतात, तिने रांगेत कशाला उभे राहावे, बसू दे. पण आपण त्यांना नुसते बसवत नाही, पहाऱ्यावर बसवतो. "आई, या सहाही खुर्च्या आपल्या आहेत. कुणाला देऊ नकोस." असे बजावून मुलगा, सून, नातवंडे रांगेत जातात. मागे राहतात सत्तरीच्या आजी. चार खुर्च्यांवर पर्स, शाल, नातवाची टोपी आणि पाण्याची बाटली. पाचवीवर त्यांचा एक हात. समोर भाषा न कळणारी गर्दी. दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन काहीतरी विचारते. विचारणारा बहुधा सभ्यच असतो, त्याच्या कडेवर मूल असते आणि हातात गार होत चाललेले जेवण असते. आजींना शब्द कळत नाहीत पण मागणे कळते. जन्मभर दारी आलेल्याला पाट मांडून दिलेली बाई, तिला इथे मान हलवून 'नाही' म्हणावे लागते. एकदा नाही, सहा-सात वेळा.

आणि कधी त्या नाही म्हणत नाहीत. मूल कडेवर पाहून दोन खुर्च्या देऊन टाकतात. मग ट्रे घेऊन मंडळी येतात आणि मुलगा म्हणतो, "आई, एवढं एक काम सांगितलं होतं." नातवंडांसमोर. आजी काही बोलत नाहीत, फ्रेंच फ्राइजला केचप लावून देत राहतात. हे दृश्य आम्ही या ना त्या रूपात एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे, आणि पाहणाऱ्याला वाटते की या कुटुंबात बरोबर वागलेले माणूस एकच होते.

सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसांच्या वाट्याला इथे तसेही थोडेच सुख असते. गाडी चालवता येत नाही, फोनवरचा माणूस काय बोलतो कळत नाही, दुपारचे घर शांत असते. त्यांना कौतुकाने हजारो मैलांवरून आणायचे आणि सहलीच्या दिवशी रखवालदार करायचे, हे काही बरे नाही. टेबलाचा प्रश्न आम्हांला शिष्टाचाराचा वाटतो, तो परक्यांशी वागण्यापुरता नाही.

मग करावे काय? नुसते 'धरू नका' म्हणून भागणार नाही. सहा माणसे, त्यांत दोन म्हातारी आणि एक बाबागाडीतले, यांनी ट्रे घेऊन वणवण फिरावे असे आम्ही म्हणणार नाही. काही गोष्टी मात्र सहज जमण्यासारख्या आहेत.

१. फोनवरून जेवण मागवा. डिस्ने वर्ल्डमध्ये ही सोय २०१७ पासून आहे. गर्दीच्या दिवशी दुपारच्या वेळा लवकर भरतात, म्हणून सकाळीच वेळ निवडून ठेवावी. तिथे पोचल्यावर 'आम्ही आलो' अशा अर्थाचे बटण दाबायचे, मग जेवण तयार करायला घेतात. आता टेबल आधी धरले तरी ते १६ मिनिटे नव्हे, पाचेक मिनिटेच रिकामे अडते. आमच्या हिशेबात घालून पाहा : २०० गुणिले २९ भागिले ६०, म्हणजे ९७. शंभर टेबलांत सगळे मावतात, म्हातारी माणसेही बसतात. शाकाहारी मंडळींना यात आणखी एक फायदा आहे. कशात काय आहे आणि काय वगळता येते हे शांतपणे वाचता येते. काउंटरवर मागे रांग खोळंबलेली असताना 'बीफ नको' हे तीनदा सांगावे लागत नाही.

२. वेळ बदला. अकरा-सव्वाअकराला जेवा किंवा दोननंतर. शेतावर कामाला जाणारी माणसे अकरालाच भाकरी सोडत असत, त्यांचे काही बिघडले नाही.

३. जागा माणसाने धरावी, वस्तूने नाही. बसण्याची खरी गरज असलेल्याने बसावे : म्हातारे, गरोदर, लेकुरवाळी, ज्याच्या औषधाची वेळ झाली आहे तो. त्यांना बसलेले पाहून कुणी काही म्हणत नाही. रिकाम्या टेबलावर पर्स ठेवून सगळे कुटुंब रांगेत, हे मात्र नको. पर्सच्या दृष्टीनेही नको.

४. आजींच्या सोबत कळती व्यक्ती ठेवा. बारा-तेरा वर्षांची नात पुरे. इंग्रजीतून उत्तर ती देईल, आजींना मान हलवावी लागणार नाही. आणि आधीच सांगून ठेवा की कुणी खुर्ची मागितली आणि द्यावीशी वाटली तर द्या. आपण दोन मुलांना एका खुर्चीवर बसवू.

५. मोठे टेबल दोघांसाठी अडवू नका, आणि जेवण झाल्यावर दुपारचे बेत ठरवायला तिथेच बसू नका. ट्रे उचला, सांडलेले पुसा, उठा. कुणी ट्रे घेऊन जवळ उभे असेल तर "आम्ही उठतोच आहोत" असे आपणहून सांगावे. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते.

६. आडजागा माहीत करून घ्या. मॅजिक किंगडममध्ये 'कोलंबिया हार्बर हाउस'ला वरचा मजला आहे, पुष्कळांना तो दिसतच नाही. ॲनिमल किंगडममध्ये 'फ्लेम ट्री'च्या मागे पायऱ्या उतरून पाण्याकाठी मंडप आहेत. काउंटरजवळची टेबले भरली म्हणजे सगळी भरली, असे धरून चालू नये.

डब्याबद्दल दोन शब्द. डिस्नेत घरचे खाणे नेता येते, गरम करावे लागणारे नसावे आणि काचेच्या भांड्यात नसावे. (लोणच्याची बरणी घरी ठेवा, चटणीच्या पोळ्या न्या.) काउंटरवर मागितले तर बर्फाचे पाणी पेल्यात फुकट मिळते. तेव्हा धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या खुशाल न्याव्यात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. घरातल्या चौघांनी तिथले विकत घेतले आणि आजींनी दशमी काढली, तर त्याच टेबलावर जेवावे. पण सगळ्याच कुटुंबाचे जेवण डब्यात असेल, तर साडेबाराच्या गर्दीत आतले टेबल घेऊ नये. बाहेर झाडाखाली बाक असतात. डिसेंबरातले फ्लोरिडाचे ऊन अंगावर घेत जेवायला तर आपण इथला बर्फ सोडून गेलेलो असतो.

जाता जाता मंडळाबद्दल. ऑर्लँडो वर्षातून एकदा येते, आपले कार्यक्रम चारदा. गणपतीच्या जेवणाला शाळेच्या कॅफेटेरियात दार उघडल्याबरोबर पहिल्या तीन टेबलांवर ओढण्या, शाली आणि गाडीच्या किल्ल्या पडल्या होत्या, हे सर्वांनी पाहिले आहे. त्यांचे मालक वरणभाताच्या रांगेत होते, आणि नव्याने गावात आलेली दोन कुटुंबे ताटे हातात घेऊन भिंतीशी उभी राहून जेवली. पैकी एका कुटुंबाने अजून वर्गणी भरलेली नाही. कारण आम्ही विचारलेले नाही.

म्हणून संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे. दोन स्वयंसेवकांनी यजमान म्हणून दारापाशी उभे राहायचे आणि ताट घेतलेल्याला नेऊन बसवायचे, जुने-नवे एका टेबलावर. साठीच्या पुढच्या सर्वांना आधी बसवून ताट जागेवर नेऊन द्यायचे. त्यासाठी आठ तरुण हात लागतील. ज्यांची मुले हायस्कूलात आहेत त्यांनी नावे कळवावीत, सेवेच्या तासांचे पत्र मंडळ देईल. ज्यांना ही कल्पना पसंत नाही त्यांनीही कळवावे. मात्र कारण लिहावे, आणि शक्य तर आकड्यांनिशी.

पुढच्या अंकात : भारतातून येताना आणलेला हिंग बॅगभर का दरवळतो, आणि त्यावर उपाय काय.